ख्रिस्तराजा : सणाचा इतिहास आणि आजचा अर्थ

आगमनकाळाच्या आधीच्या रविवारी, म्हणजे उपासना वर्षाच्या अखेरच्या रविवारी, ख्रिस्तसभा प्रभू येशू ख्रिस्ताला विश्वाचा राजा म्हणून गौरवते. ख्रिस्तसभेच्या दोन हजार वर्षांच्या मानाने हा सण अगदी अलीकडचा आहे. परमगुरू अकरावे पायस ह्यांनी ११ डिसेंबर १९२५ रोजी ‘क्वास प्रिमास’ हे विश्वपत्र प्रसिद्ध करून तो सुरू केला. इटलीत तेव्हा मुसोलिनी सत्तेवर होता आणि देवाला सार्वजनिक जीवनातून वगळू पाहणारे विचार युरोपात बळावले होते. राज्यकर्त्यांनीही ख्रिस्ताचा उघड सन्मान करावा, अशी परमगुरूंची अपेक्षा होती.

त्याच सुमारास, १९२६ ते १९२९ ह्या काळात, मेक्सिकोत ख्रिस्तसभेचा छळ करणाऱ्या सरकारविरुद्ध हजारो श्रद्धावंतांनी शस्त्रे उचलली. ‘ख्रिस्तराजाचा विजय असो’ ही त्यांची घोषणा होती. २३ नोव्हेंबर १९२७ रोजी येशूसंघीय धर्मगुरू मिगेल प्रो ह्यांनीही तीच घोषणा दिली. परंतु निःशस्त्र, बंदुकांसमोर क्रूसासारखे हात पसरून. १९८८ साली त्यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले. आम्हांला फादर प्रो ह्यांनी घेतलेला अर्थ शुभवर्तमानाच्या अधिक जवळचा वाटतो. लोक बळेच राजा करू पाहत असता येशू डोंगरावर निघून गेला होता (योहान ६:१५).

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली, धर्माच्या बाबतीत कोणावरही सक्ती होऊ नये, असे स्पष्ट केले. पूर्वी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी येणारा हा सण १९६९ साली परमगुरू सहावे पौल ह्यांनी सध्याच्या जागी आणला. तीन वर्षांच्या चक्रात वाचली जाणारी शुभवर्तमानेही बोलकी आहेत : अंतिम न्याय, पिलातापुढील चौकशी आणि क्रूसावरील अपराध्याची याचना. राजवैभव असे एकाच, न्यायाच्या दृश्यात आहे. आणि तेथेही राजा स्वतःला भुकेल्यांत व तुरुंगवासीयांत मोजतो.

आपल्या देशात १९७१ साली माजी संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. ‘राजा’ हा शब्द तरुणांना जुनाट वाटल्यास नवल नाही. तरीही पैसा, जात किंवा पक्ष ह्यांचा आदेश आणि ख्रिस्ताचा आदेश परस्परविरोधी असतील, तेव्हा कोणाचे ऐकायचे, हा प्रश्न जुना होत नाही. मिरवणुकीत आपण पताका घेऊन चालतो, त्याच रस्त्यालगत झोपडी बांधून राहणाऱ्या परप्रांतीय मजुराला आपल्या गावात पाणी मिळते का? मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात तहानेल्याची आणि परक्याची चौकशी आहे. जयघोषाची नाही.