एकविसाव्या दिवसानंतरची पेटी

कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर यायला २१ दिवस लागतात. घरात अंडी उबवायची छोटी पेटी असेल, तर वर्षातून दोन-तीनदा, तीन-तीन आठवडे तिला काम. एरवी ती फळीवर धूळ खात पडलेली असते. मग कुणाला तरी सुचतं, हिच्यात दही लावून बघू या का? उबेच्या पेटीचं आणखी काय करायचं, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा बराच जुना आहे. त्याच्या एका उत्तराने तर असंख्य जीव वाचवलेत.

गोंदिया जिल्ह्यातला सालेकसा तालुका महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेला. मुंबई-हावडा रेल्वेमार्ग इथूनच दरेकसाचे डोंगर ओलांडून छत्तीसगडात शिरतो. शेतात धान, कडेला जंगल, परसात कोंबड्या. हिवाळ्यात गोंदियाचा पारा दहा अंशांखाली उतरला की ती राज्यभर बातमी होते. अशा मुलखात ऊब धरून ठेवायच्या युक्त्या पेटीच्या कितीतरी आधीच्या आहेत. खुडूक कोंबडी टोपलीत तणसावर बसवायची. विरजण लावलेलं भांडं चुलीच्या उबेला ठेवायचं. मटकी भिजवून फडक्यात बांधायची. धानाचं बियाणं भिजवून ओल्या पोत्यात घालायचं आणि वरून तणस झाकायचं. कामं चार, तत्त्व एकच: ऊब निसटू द्यायची नाही.

पेटी यात एकाच गोष्टीची भर घालते. ती ठरलेल्या अंशावर थांबते. कोंबडीच्या अंड्याला साधारण ३७.५ अंश सेल्सिअस लागतात. एखाद-दोन अंश वर गेले तरी गर्भ दगावू शकतो. इजिप्तमध्ये हजारो वर्षांपासून मातीच्या मोठ्या भट्ट्यांमध्ये अंडी उबवली जातात. तिथले कारागीर अंडं पापणीला लावून त्याची ऊब जोखत. हे कसब बापाकडून मुलाकडे जाई. अठराव्या शतकात फ्रान्सच्या रेओम्यूर या शास्त्रज्ञाने कुजणाऱ्या शेणखताच्या उष्णतेवर अंडी उबवली आणि पापणीच्या जागी तापमापी आणली. १७४९ साली त्याने यावर ग्रंथच प्रसिद्ध केला. जे हाताला कळत होतं, ते आता आकड्यात मांडता येऊ लागलं. आकडा कुणालाही शिकवता येतो.

यानंतरचं वळण पॅरिसमधलं. स्तेफान तार्निए हे तिथले प्रसूतितज्ज्ञ. १८७८च्या सुमारास त्यांनी प्राणिसंग्रहालयात कोंबडीची पिल्लं उबवणारं यंत्र पाहिलं. त्यांच्या रुग्णालयात दिवस पुरे होण्याआधी जन्मलेली बाळं गारठून जात होती. तार्निएंनी ते यंत्र बनवणाऱ्या ओदिल मार्तँ यांनाच बाळांसाठी पेटी करायला सांगितली. १८८०च्या सुमारास ती वापरात आली. पुढे १८८३ साली आकडे प्रसिद्ध झाले: दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांमधला मृत्युदर ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आला होता. पुढची पेटी आणखी साधी झाली, लाकडी खोका आणि खालच्या कप्प्यात गरम पाण्याच्या बाटल्या. आज नवजात विभागात दिसणाऱ्या काचेच्या पेटीचं मूळ असं कोंबड्यांच्या खुराड्यात आहे.

पण पेटी महाग होत गेली आणि मोठ्या शहरांत अडकली. अमेरिकेत मार्टिन कूनी यांनी १९०३ ते १९४३ अशी चाळीस वर्षं न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडच्या जत्रेत पेटीतली बाळं तिकीट लावून दाखवली. त्या तिकिटाच्या पैशांवर बाळांचा इलाज होई. आईबापांकडून ते काही घेत नसत. खेडेगावात तर अशी जत्राही नव्हती.

याचं उत्तर सालेकशाच्या शेजारच्या जिल्ह्यात सापडलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५पासून गडचिरोलीतल्या ३९ गावांत नवजात बाळांची देखभाल घरीच सुरू केली. गावातल्याच बायकांना शिकवलं: बाळाचं वजन करा, ताप मोजा, गुंडाळून ठेवा, आजाराची खूण ओळखा. गारठलेल्या बाळासाठी कापडी उबदार पिशवी होती. विजेचा त्यात काही संबंध नव्हता. तिसऱ्या वर्षापर्यंत, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, या गावांतला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले. २०११मध्ये देशभरातल्या आशाताईंकडे नवजात बाळांच्या घरभेटींचं काम आलं, त्यामागे हा अनुभव होता. पेटीतलं जे मोलाचं होतं, म्हणजे ऊब आणि मोजमाप, ते पेटीशिवाय घरी पोचलं.

त्याआधी १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. हीच ‘कांगारू मदर केअर’. २०२१ साली पाच देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारतही होता. कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच छातीशी धरलं, तर मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होतात, असं त्यात दिसलं.

म्हणून घरातल्या पेटीचं काय करता येईल याची यादी करताना सीमा स्पष्ट हवी. दही लावा. विरजणाला चाळीस अंशांच्या आसपासची ऊब मानवते. ३८ वरही थंडीत ते नीट लागतं. तापमान खाली आणता येत असेल, तर पंचवीस ते तीस अंशांवर मटकीला मोड आणा; त्याहून जास्त उष्णतेत ती लवकर आंबते. उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकण्याआधी, थंडीच्या दिवसांत, घरच्या बियाण्याची परीक्षा घ्या. शंभर दाणे मोजून ओल्या कापडात गुंडाळायचे, तीस अंशांवर ठेवायचे आणि किती उगवले ते मोजायचं. बियाण्याच्या मानकानुसार ऐंशी तरी उगवायला हवेत. कमी उगवले, तर दुसरं बियाणं शोधायला हातात वेळ असतो. रोवणीच्या वेळी तो नसतो.

अंड्याच्या कवचावर जंतू असतात. म्हणून खाण्याचं काहीही ठेवण्याआधी पेटी साबणाने स्वच्छ करायची, वायरी आणि बल्ब कोरडे ठेवायचे, भांडं झाकणाचंच घ्यायचं.

आणि बाळ त्यात कधीही ठेवायचं नाही. इतिहास बाळाला पेटीकडे घेऊन गेला हे खरं, पण थर्माकोलच्या खोक्यात ना बाळाच्या श्वासावर कुणाची नजर असते, ना बल्ब अति तापला तर सावरणारं काही. बाळ कमी वजनाचं किंवा गार वाटलं, तर आईच्या छातीशी धरा, वरून पांघरा आणि १०८ला फोन करा. दवाखान्यापर्यंतच्या वाटेवरही ही ऊब सोबत राहते, आणि तिला वीज लागत नाही.