‘लेक दिली’ ते ‘लग्न केलं’

आज आपण एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर बोलणार आहोत. माणसं लग्न का करतात?

गटाच्या बैठकीत हा प्रश्न टाकून बघा. कुणी म्हणेल, सोबतीसाठी. कुणी म्हणेल, लेकराबाळांसाठी, म्हातारपणी आधार म्हणून. एखादी हसून म्हणेल, “करतात कसली बाई, लावून देतात!” तिचं हसणं सोडून देऊ नका. आपली भाषाही तेच सांगते. मुलाचं आपण लग्न ‘करतो’, सून ‘करून आणतो’, पण मुलगी ‘देतो’. “थोरली कुठं दिली?” असंच विचारतो ना आपण? देणारा बाप, घेणारा सासरा. जिला दिलं, तिला विचारायचं राहूनच जातं.

दीडशे वर्षांपूर्वी तर विचारायची सोयच नव्हती. आठव्या, दहाव्या, अकराव्या वर्षी मुलगी बोहल्यावर उभी राही. लग्न ठरायचं ते दोन घरांचं. सोयरीक जोडायची, जातीत नाव राखायचं, घरात कामाला हात आणायचे, वंश चालवायचा. काही जातींत मुलीच्या बापाला देज मिळे, काहींत त्यालाच हुंडा द्यावा लागे. मुलगाही पुष्कळदा लहानच असे, त्यालाही कुणी विचारत नसे. पण त्याला पुढं दुसरी बायको करता येई. तिला ती वाट नव्हती.

या रीतीला आपल्याच मातीतून प्रश्न विचारले गेले. जोतीराव फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज काढला. त्याच वर्षी 25 डिसेंबरला सावित्रीबाईंच्या पुढाकारानं पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. भटजी नाही, खर्चाचा बडेजाव नाही. फुल्यांनी या लग्नांसाठी मंगलाष्टकं रचली. त्यांत नवरी नवऱ्याला सर्वांसमोर विचारते, स्त्रियांच्या हक्कांचं काय? आणि नवरा त्यासाठी झटायची शपथ घेतो. मांडवात नवरीला बोलायला जागा मिळाली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पण नवरी ‘नाही’ म्हणाली तर? हा प्रश्न अकरा वर्षांनी मुंबईच्या हायकोर्टात उभा राहिला. तो उभा करणाऱ्या बाईचं नाव रुखमाबाई.

रुखमाबाईंचा जन्म 1864 सालचा, मुंबईतला, सुतार समाजातला. वडील लहानपणीच वारले. त्यांच्या समाजात विधवेला पुन्हा लग्न करता येत होतं. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं आणि पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावे केली. अकराव्या वर्षी रुखमाबाईंचं लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावलं गेलं. दादाजी तेव्हा एकोणीस वर्षांचे. जावयानं सासुरवाडीत राहून शिकावं, असं ठरलं होतं. ते शिकले नाहीत, नातलगाकडं राहायला गेले. रुखमाबाई मात्र माहेरी राहून वाचायला, लिहायला शिकत राहिल्या. नवऱ्याच्या घरी नांदायला त्या गेल्याच नाहीत.

1884 साली दादाजींनी दावा लावला, बायको माझ्या घरी पाठवा. रुखमाबाईंचं म्हणणं सरळ होतं. माझं लग्न झालं तेव्हा मला समज नव्हती, माझी संमती नव्हती, मग ते माझ्यावर बंधनकारक कसं? सप्टेंबर 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला. बाईला तिच्या मनाविरुद्ध पुरुषाच्या घरी पाठवणं क्रूरपणाचं आहे, असं त्यांनी म्हटलं.

त्यावर गदारोळ उठला. मुली शिकवल्या की अशाच बिघडतात, असं लोक म्हणू लागले. ‘केसरी’सारख्या वजनदार पत्रानंही रुखमाबाईंवर टीका केली. दुसरीकडं समाजसुधारक बेहरामजी मलबारी आणि इतर काही मंडळी पाठीशी उभी राहिली. रुखमाबाईंनी स्वतः ‘एक हिंदू स्त्री’ या नावानं ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रं लिहून बालविवाहानं मुलींचं काय होतं ते मांडलं.

अपिलात पहिला निकाल उलटला. मार्च 1887 मध्ये कोर्टानं हुकूम दिला, महिन्याभरात नवऱ्याकडं जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रुखमाबाई म्हणाल्या, मी तुरुंगात जाईन.

तुरुंगात जायची वेळ आली नाही. 1888 साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला. पुढच्या वर्षी रुखमाबाई विलायतेला गेल्या, 1894 मध्ये डॉक्टर झाल्या, परत येऊन सुरत आणि राजकोटच्या स्त्रियांच्या दवाखान्यांत वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले. पुन्हा लग्न केलं नाही. पण त्या लग्नाच्या विरोधात होत्या असं समजू नका. त्यांच्या आईनं दुसरं घर केलं होतं, त्याच घरात त्यांना वाढवलं, शिकवलं गेलं. त्यांचा विरोध न विचारता गळ्यात बांधलेल्या लग्नाला होता.

या खटल्यानं कायद्यालाही हलवलं. 1891 मध्ये शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय दहावरून बारा झालं. 1929 च्या सारडा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय चौदा ठरवलं. नांदायला न जाणाऱ्या बाईला तुरुंगात टाकायची तरतूद 1923 साली गेली. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात मुलीचं वय पंधरा झालं, 1978 पासून अठरा. त्याच 1955 सालच्या सप्टेंबरात रुखमाबाई वारल्या.

म्हणजे प्रश्न मिटला का? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या शंभरातल्या जवळजवळ बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. दुष्काळ, ऊसतोडीची स्थलांतरं, वाढत्या वयाबरोबर वाढणारा हुंडा, “पोरीची जबाबदारी नको” ही भीती. कारणं खरी आहेत. पण त्यांतलं एकही कारण मुलीचं स्वतःचं नाही.

अठराच्या आत लग्न झालेल्या मुलीला ते रद्द करून मागायचा हक्क 2006 च्या कायद्यानं दिला आहे. वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत तिला जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. असं लग्न ठरत असेल तर 1098 या नंबरावर किंवा ग्रामसेवकाला कळवता येतं, महाराष्ट्रात ते बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत.

तर माणसं लग्न का करतात? सोबतीसाठी, मायेसाठी, संसारासाठी, आणि त्यात वाईट काही नाही. पण ‘केलं’ म्हणायला आधी ‘नको’ म्हणायची मोकळीक लागते. ‘नको’ ऐकून घेणारं घर असेल, तर मुलीच्या ‘हो’ला किंमत येते.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं एवढं सांगा. तुमचं लग्न ठरलं तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं होतं का? आणि तुमच्या लेकीला विचारताना तुम्ही काय विचाराल? भेटूया. नमस्कार.