नामवंत आणि नामचीन

नामवंत, नामचीन (वि.) : ज्याचे नाव झाले आहे असा. कोशातला अर्थ दोघांनाही लागू पडतो, पण मराठी माणूस हे शब्द एकमेकांच्या जागी वापरत नाही. नामवंताला व्यासपीठावर बोलावतात. नामचीन माणसाला तडीपार केल्याची बातमी येते.

घडण : 'नाम' हे रूप संस्कृतात आहे तसेच फारसीतही आहे. 'वंत' हा गुणवंत, धनवंत यांतला ओळखीचा प्रत्यय. 'नामचीन' उर्दू-हिंदीच्या वाटेने आला. त्यातल्या 'चीन'चा त्या नावाच्या देशाशी संबंध नाही.

हिंदी-उर्दूत 'नामचीन' सन्मानानेही वापरतात. शायर, वकील, हकीम, गवई असे सगळे तिथे नामचीन असू शकतात. तिथे तो गुंडालाही लागतो, कारण मुळात तो तटस्थ आहे. मराठीने त्याचा एवढाच अर्धा भाग घेतला. असे का झाले असावे? चांगल्या नावासाठी नामवंत, नामांकित, ख्यातनाम, विख्यात असे शब्द हाताशी होतेच. वाईट नावासाठी 'कुप्रसिद्ध' होता, पण तो ठपका ठेवल्यासारखा वाटतो. वार्ताहराला शिवी न देता दहशत सांगणारा शब्द हवा होता, आणि ती जागा 'नामचीन'ने भरली. 'सराईत'चेही असेच झाले आहे. सराईत हातांनी भाकरी थापणाऱ्या बाईचे कौतुक होते, पण पुढे 'गुन्हेगार' आला की तोच शब्द पोलिसी होतो. तालमीतला वस्ताद गुरू असतो. मात्र 'भलताच वस्ताद आहे' म्हटले की समोरचा खिसा सांभाळतो.

धारूरसारख्या गावात हा फरक लवकर कानावर येतो. बीड जिल्ह्यातले, बालाघाटाच्या रांगेतले हे तालुक्याचे ठिकाण लोकांच्या तोंडी 'किल्ले धारूर' आहे. इथला किल्ला सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखानाने बांधला. मोगलांनी तो जिंकल्यावर गावाला फत्तेहाबाद हे नाव मिळाले, पण टिकले धारूरच. सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि राज्यकारभार उर्दूत चाले. मराठवाड्याच्या बाजारपेठांत मराठी आणि दखनी उर्दू आजही शेजारी शेजारी बोलल्या जातात. त्यामुळे एका दुकानात अदबीने उच्चारलेला 'नामचीन' शेजारच्या दुकानातल्या मराठी वर्तमानपत्रात खंडणीच्या बातमीत भेटू शकतो.

याच भागात 'नामवंत'चे हुकमी घर म्हणजे हरिनाम सप्ताहाची पत्रिका. तिथे कीर्तनकार नामवंतच असतात. 'नामचीन कीर्तनकार' असे चुकून छापले, तर छापखान्याला पत्रिका पुन्हा छापून द्याव्या लागतील. जत्रेतल्या कुस्त्यांच्या फलकावर मात्र मल्ल 'नामांकित' असतात. हा तिसरा भाऊ. मूळ अर्थ नाव कोरलेला: हनुमंताने सीतेला दिलेली अंगठी रामनामांकित होती. 'नामवंत' बहुधा माणसांना आणि संस्थांना लागतो. 'नामांकित' शाळेला, पेढीला, मिठाईच्या दुकानालाही चालतो. पुरस्कारांच्या बातम्यांनी त्याला अलीकडे 'नामांकन मिळालेला' हा नवा अर्थ चिकटवला आहे. त्यामुळे 'नामांकित अभिनेत्री' म्हणजे गाजलेली की नुसती यादीत असलेली, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. बालाघाटातली सीताफळे यांपैकी कशातच बसत नाहीत. ती आपली प्रसिद्ध.

नावावरूनच आलेला आणखी एक शब्द 'असामी'. मुळात तो अरबीत 'नाव'चे अनेकवचन. महसुली दप्तरात नाव लागलेला खातेदार म्हणजे असामी. पुढे कोणीही माणूस असामी झाला आणि 'बडी असामी' म्हणजे मोठे प्रस्थ. पु. ल. देशपांड्यांच्या 'असा मी असामी'ने तो साध्या कारकुनाच्या नावावर कायमचा करून टाकला. 'बडी असामी'त आदर किती आणि टोमणा किती, ते बोलणाऱ्याच्या सुरावर असते. 'नामचीन'ला मराठीत एवढी सवलत उरलेली नाही.

वापर : हिंदीतून घाईने उतरवलेल्या मजकुरात 'नामचीन कलाकार', 'नामचीन खेळाडू' असे प्रयोग मराठीतही दिसू लागले आहेत. बीड जिल्ह्याच्याच आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक आणि पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला. हिंदी बातमीत त्याला 'नामचीन धावक' म्हटले तर तो गौरवच. मराठीत तेच जसेच्या तसे ठेवले, तर हा पोरगा कोणापासून पळतो आहे, असे वाचणाऱ्याच्या मनात येईल. अशा ठिकाणी मराठीत 'नामवंत' किंवा 'नामांकित' लिहावे. 'नामचीन' गुंडांसाठी राखून ठेवावा.