टाचणीने टोचलेली पुस्तके

कर्जत-खालापूरकडच्या लग्नघरात रुखवत मांडले की त्यात क्रोशाचा एखादा रुमाल, तोरण, ताटावरचे झाकण असायचेच. पाहुणे 'किती बारीक काम!' म्हणत आणि लाडवांच्या परातीकडे वळत. पण श्रोतेहो, असले काम शिकवणारी काही पुस्तके जुन्या बाजारात काय भावाने जातात हे त्या पाहुण्यांना कळले असते, तर त्यांनी तो रुमाल उलटून पालटून नक्की पाहिला असता.

क्रोशा हा लेसचाच एक भाऊबंद. युरोपातली जुनी लेस मुख्यतः दोन रीतींनी होई, एक सुईदोऱ्याने आणि दुसरी उशीवर. उशीवरच्या कामात नमुना जाड कागदावर काढायचा, ठरलेल्या जागी भोके पाडायची, कागद उशीवर ताणायचा आणि भोकांत टाचण्या खोचायच्या. मग लाकडी फिरक्यांवर गुंडाळलेले धागे त्या टाचण्यांभोवती एकमेकांत गुंफत न्यायचे. वीतभर पट्टीला दिवस लागतात. १५५७ साली व्हेनिसमध्ये 'ले पोंपे' हे अशा नमुन्यांचे पुस्तक निघाले. १५८७ साली फेदेरिको विंचोलो याने पॅरिसमध्ये सुईच्या लेसचे नमुने छापले. या पुस्तकांत वाचायला फारसे काही नसे, पानोपानी नक्षीच. घेणारी बाई पान उशीवर किंवा कापडावर ठेवून नक्षी सरळ टोचून काढी. आपल्याकडे भरतकामाचे छापे उठवणारे कागदावरच्या रेघांना सुईने भोके पाडून वरून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ फिरवतात, तसलाच प्रकार. चार-सहा वेळा टोचलेले पान चाळणीसारखे होई आणि शेवटी चुलीत जाई. ज्या प्रतींना टाचणी फारशी लागली नाही, त्याच मुख्यतः उरल्या. त्या आज संग्रहालयांत नाहीतर श्रीमंत संग्राहकांकडे आहेत.

मग जुने तेवढे महाग, असे म्हणायचे का? तसेही नाही. तेरेझ द दिलमाँ या बाईंचा सुईकामाचा कोश १८८६ सालचा. अल्सासमधल्या मुलूझ गावच्या डीएमसी या सूत कंपनीशी त्यांचे साटेलोटे होते. पुस्तक घरोघर गेले की दोराही खपणार, हा सरळ व्यापारी हिशेब. म्हणून ते अनेक भाषांत निघाले, पुन्हा पुन्हा छापले गेले, आणि आजही त्याची जुनी प्रत सामान्य माणसाला परवडते. उलट सँटिना लेव्ही यांचे 'लेस : अ हिस्टरी' हे पुस्तक १९८३ सालचे, म्हणजे त्यापुढे लेकरूच. लेव्ही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात वस्त्रविभाग सांभाळत. पुस्तक भलेमोठे, छायाचित्रांनी भरलेले. असे पुस्तक पुन्हा छापायचा खर्च कोण अंगावर घेणार? त्यात १९७६ साली ब्रिटनमध्ये लेस गिल्ड ही संघटना स्थापन झाली आणि लेस विणण्याचा छंद नव्याने पसरला. प्रती थोड्या, हात अनेक. शंभर पौंडांच्या पुढचे भाव या पुस्तकाने सहज पाहिले आहेत, शिवाय वजनामुळे टपालखर्च वेगळा.

अर्थात मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत अंतर असते. २०११ साली माशीच्या वाढीवरचे एक शास्त्रीय पुस्तक ॲमेझॉनवर २ कोटी ३० लाख डॉलरांहून अधिक किमतीला लागले होते. दोन विक्रेत्यांचे संगणक एकमेकांचा भाव पाहून आपापला भाव चढवत राहिले आणि माणसांपैकी कोणाचेच लक्ष नव्हते! तेव्हा पडद्यावरचा आकडा पाहून छाती दडपून घेऊ नये.

या महागाईची दुसरी बाजू आपल्या देशातच आहे. १८२० च्या सुमारास मार्था मॉल्ट या मिशनरी बाईंनी नागरकोइलला लेसचे काम सुरू केले. पुढे आंध्रात गोदावरीकाठच्या नरसापूरला क्रोशाच्या लेसचा मोठा धंदा उभा राहिला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या विणकरणींवर लिहिलेले 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' १९८२ साली लंडनला निघाले. माल परदेशी जाई, व्यापारी गबर होत, आणि बाईच्या दिवसभराच्या कामाचा मोबदला रुपयाच्या आत राही. कारण ती कामगार नव्हे, 'घरी बसून फावल्या वेळात विणणारी' समजली जाई. हातातले कसब आईकडून मुलीकडे जाई, पुस्तकातून नव्हे. आपल्या श्रमांचे हे पुस्तक विकत घ्यायचे म्हटले असते, तर त्या बाईला किती दिवस विणावे लागले असते, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. २०१२ मध्ये ते पुन्हा छापले गेले हे बरेच झाले. मीस २०२३ साली वारल्या. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो, म्हणजे इथे ते २०८३ अखेरपर्यंत कोणालाही परस्पर छापता येणार नाही.

हक्क संपला की काय होते, याचा दाखला आपल्या दाराशी आहे. कर्जत तालुका, खालापूरसह, १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. त्यामुळे या भागाची जुनी हकिकत शोधायची तर कुलाब्याचे १८८३ चे गॅझेटियर पुरत नाही, ठाण्याचे १८८२ चे खंड काढावे लागतात. मूळ खंड जुन्या बाजारात सहजी हाती लागत नाहीत. पण शासनाने ही गॅझेटियर संगणकावर आणली, आणि आता खोपोलीचा विद्यार्थी ती घरबसल्या, फुकट वाचतो.

लेसच्या बाबतीत हे काम अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठात झाले. राल्फ ग्रिस्वोल्ड हे संगणकशास्त्राचे प्राध्यापक, स्नोबॉल या संगणकीय भाषेचे एक जनक. त्यांना विणकामाचे वेड. हक्क संपलेली विणकामाची आणि लेसची जुनी पुस्तके पानोपान चित्रित करून त्यांनी सर्वांसाठी खुली केली. २००६ साली ते गेले, पण संग्रह राहिला. ज्याला शिकायचे आहे त्याला नमुन्याचे पान छापून घेऊन हवे तितक्यांदा टोचता येते, पुस्तक खराब होत नाही. लेव्हीबाईंच्या ग्रंथाचा हक्क मात्र अजून संपलेला नाही. त्याची प्रत घरी हवी, तर अजून पौंडच मोजावे लागतात.