पहिल्या कणसाचा मागोवा

भाद्रपदात सिंधुदुर्गातल्या मळ्यांत हळवे भात पोटरीतून बाहेर पडते, दाण्यात दूध भरते आणि गावाला नव्याचे वेध लागतात. हिंदू घरांत भाताची कणसे, नाचणी, वरी, कुरडूचे फूल आणि आंब्याचे पान एकत्र बांधून ते ‘नवे’ दाराला लावतात. गोव्यापासून मंगळूरपर्यंतच्या कोकणी ख्रिस्ती समाजात हेच कणीस आधी चर्चमध्ये जाते आणि आशीर्वाद घेऊन घरी येते. ख्रिस्ती माणसाने सृष्टीशी कसे वागावे, हे या कणसाची वंशावळ फार नेमके सांगते.

तिचे मूळ बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात आहे. कापणीची पहिली पेंढी याजकाकडे आणावी आणि ती अर्पण होईपर्यंत नवे धान्य तोंडात घालू नये, अशी तिथे आज्ञा आहे. त्याच अध्यायात पुढे सांगितले आहे, की शेताच्या कडा कापू नका, पडलेली कणसे वेचू नका. ती गरिबाची आणि परक्याची. 25व्या अध्यायात तर दर सातव्या वर्षी जमिनीला विसावा दिला आहे. म्हणजे आशीर्वाद सुरुवातीपासून कर्तव्यासह आला.

पाचव्या शतकात फ्रान्समधल्या व्हिएनचे बिशप मामेर्तुस यांनी संकटनिवारणासाठी प्रार्थनेच्या मिरवणुका सुरू केल्या. पुढे त्या युरोपभर शेताशिवारांतून निघू लागल्या. पोर्तुगीजांबरोबर ख्रिस्ती धर्म गोव्यात आला, तेव्हा इथे गावाची जमीन मिळून राखण्याची ‘गावकरी’ ही जुनी व्यवस्था होती आणि नव्याचा सणही होता. दोन्ही परंपरांची गाठ पडली. राय गावात 5 ऑगस्टला आणि ताळगावात 21 ऑगस्टला आजही नव्या कणसांचे फेस्त, म्हणजे सण, होते. बार्देशातून सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवणकडे आलेल्या आणि दक्षिणेला मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांचा हाच वारसा. मंगळूरकडे 8 सप्टेंबरला, मरियेच्या जन्मदिनी, नवे दाणे दुधात किंवा पायसात घालून सारे घर एकत्र जेवते. उत्तर कोकणातल्या ईस्ट इंडियन या ख्रिस्ती समाजाचा आगेरा हा कापणीचा सण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी येतो.

विसाव्या शतकात हा धागा जगाच्या चर्चेत आला. 1979 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी असिसीच्या संत फ्रान्सिसला पर्यावरणाचा आश्रयदाता संत घोषित केले. 1989 मध्ये कॉन्स्टँटिनोपलचे ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुख दिमित्रिओस यांनी 1 सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांचे सृष्टीच्या राखणीविषयीचे परिपत्र ‘लौदातो सी’ प्रसिद्ध झाले आणि तोच दिवस कॅथलिक चर्चनेही स्वीकारला. आता 1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर हा सृष्टीचा काळ म्हणून पाळतात. आपल्या नव्याचे दिवसही साधारण याच सुमारास येतात.

महाराष्ट्रात या श्रद्धेला कृतीची जोड मिळाली ती वसईत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून तिथली हिरवाई आणि पाणी वाचवण्यासाठी लोकांना रस्त्यावर आणले. त्या लढ्यात धर्म विचारला गेला नाही.

सिंधुदुर्गातही प्रश्न तोच आहे. पश्चिम घाटाचा अभ्यास करणाऱ्या माधव गाडगीळ यांच्या समितीने 2011 च्या अहवालात नोंदवले आहे, की इथल्या ग्रामसभांनी आपली गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवावीत असे ठराव केले होते. जुलै 2021 मध्ये इथल्याच कळणे गावच्या खाणीतला चिखल शेती-बागायतीत शिरला. चिखलाखाली गेलेल्या मळ्यातून नव्यासाठी कणीस कुठून यायचे?

म्हणून 2005 मध्ये स्थापन झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतातल्या प्रत्येक धर्मग्रामाने कणसासोबतची कर्तव्येही पुन्हा उचलावीत. वेदीवरचे कणीस बाजारातून न आणता गावच्या मळ्यातले असावे. पडीक राहिलेला एक तरी मळा सगळ्यांनी मिळून लावावा आणि त्यातला वाटा गरजूच्या घरी पोचवावा. व्हाळ बुजत असेल, डोंगर पोखरला जात असेल, तर ख्रिस्ती माणूस शेजाऱ्याच्या बरोबरीने ग्रामसभेत उभा राहावा. जमिनीची राखण केली, तरच तिच्या पहिल्या कणसावर आशीर्वाद मागण्याचा अधिकार आपल्याला उरतो.