कारखान्याची खबर

दवंडी आणि चावडी या आपल्या गावच्या दोन जुन्या गोष्टी. दवंडीवाला हलगी वाजवितो, सांगायचे ते सांगतो आणि पुढच्या आळीला जातो. त्याला उलट प्रश्न विचारून उपयोग नसतो, कारण उत्तर देणे हे त्याचे कामच नव्हे. चावडीवर मात्र बोलणे दोन्ही बाजूंनी चालते. तेथे सांगणाऱ्याला ऐकूनही घ्यावे लागते. आता प्रश्न असा की, एखादा कारखाना लोकांशी बोलतो तो दवंडीसारखा की चावडीसारखा? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि त्यात नांगराचा संबंध वारंवार येतो. म्हणून शेतकरी आणि शिक्षक या दोघांपुढेही तो मांडावा असे वाटले.

हल्ली महाविद्यालयातील काही मुले सुट्टीत कारखान्याच्या जनसंपर्क विभागात महिना-दोन महिने उमेदवारी करतात. ‘इंटर्नशिप’ म्हणतात ती हीच. परत आल्यावर काय शिकलात म्हणून विचारावे, तर ती सांगतात : पत्रक कसे लिहावे, वार्ताहरांना कसे बोलवावे, समारंभाची छायाचित्रे कशी पाठवावीत. हे शिकणे वाईट आहे असे कोण म्हणेल? पण हा झाला हलगी वाजविण्याचा भाग. या कामाचे खरे धडे कोणते, ते पाहावयाचे तर थोडे मागे गेले पाहिजे.

अमेरिकेत न्यू जर्सी प्रांती चार्ल्स न्यूबोल्ड नावाच्या माणसाने १७९७ साली ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले. नांगर चांगला होता, पण शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमिनीला विष चढते, असे ते म्हणू लागले. न्यूबोल्डने अखेर तो नाद सोडला. पुढे शंभर-एक वर्षांनी, १९०३ च्या सुमारास, आपल्याकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला. त्यांनाही तेच ऐकावे लागले : लोखंड लागले की जमीन नासते. नांगर बरेच दिवस गिऱ्हाइकाची वाट पाहत पडून राहिले.

तुम्ही म्हणाल, दोन्हीकडचे शेतकरी अडाणी, दुसरे काय! मला तसे वाटत नाही. जरा शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. लाकडी नांगर गावचा सुतार करून देई. तो मोडला तर संध्याकाळपर्यंत दुरुस्त होई, आणि त्याचे मोल बलुत्यात फिटे. लोखंडी नांगराला रोख पैसा हवा. जमीन भारी काळी असेल तर एका जोडीने भागत नाही. दोन-तीन, कधी चार बैलजोड्या जुंपाव्या लागतात. आणि ऐन हंगामात फाळ मोडला, तर नवा कोठून आणावयाचा? नांगरट अडली की कुळवाची पाळी अडते, पाळी अडली की पेरणी अडते. कारखानदाराला एक नांगर विकला गेला नाही तर एका नांगराचे नुकसान. शेतकऱ्याची एक पेरणी हुकली तर वर्षाचे अन्न जाते, आणि वर कर्ज होते ते निराळेच. ‘विष चढते’ या दोन शब्दांत ही सारी धास्ती साठलेली होती, असे मी समजतो. म्हणून पहिला धडा हा की, लोकांची शंका चुकीची असेल, पण शंकेच्या मागची भीती बहुधा खरी असते. तिचे उत्तर छापील कागदावर देता येत नाही. ते शेतात द्यावे लागते, आणि सुटे भाग वेळेवर पुरवून द्यावे लागते.

लक्ष्मणराव हे काही जन्मजात कारखानदार नव्हते. त्यांचा जन्म १८६९ चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकावयास गेले. पण काही रंगांतला फरक त्यांना ओळखू येईना, म्हणून रंगकाम सोडून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते विषय शिकवीत होते. बेळगावात बंधू रामूअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग नांगर, अशी एकेक पायरी ते चढले. पुढे बेळगावची जागा सोडण्याचा प्रसंग आला. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ माळरान दिले. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. आज हे गाव सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात आहे. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी जुन्या तोफा वितळवावयास दिल्या. ज्यांतून गोळे सुटत होते त्यांचे नांगर झाले!

या वाडीत लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर कामाला होते. ‘शंवाकि’ म्हणून महाराष्ट्र पुढे त्यांना ओळखू लागला. जन्म १८९१ चा, हात चित्रकाराचा, दृष्टी व्यंगचित्रकाराची. कारखान्याच्या मालाची जाहिरात करावयाची हे त्यांचे काम. जनसंपर्क हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. पण आजच्या भाषेत सांगावयाचे तर शंवाकि त्याचीच उमेदवारी करीत होते. १९२० साली, वयाची तिशी उलटण्यापूर्वीच, त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. कारखान्याची आणि त्याच्या मालाची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत पोचवावी, एवढाच मूळ हेतू.

अशी कल्पना जगात अगदी नवी नव्हती. अमेरिकेत जॉन डीअर नावाच्या लोहाराने १८३७ साली इलिनॉय प्रांतातील चिकट मातीसाठी पोलादी नांगर केला होता. त्याच्या कंपनीने १८९५ पासून शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’, म्हणजे ‘तास’, या नावाचे नियतकालिक चालविले. नांगराने पडते ते तास. नियतकालिकाचे नाव नांगरावरून नाही, शेतावरून ठेवले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

‘खबरी’चेही तसेच झाले. नुसती नांगर-चरकांची वर्णने दरमहा कोण वाचणार? शंवाकींनी हे लवकर ओळखले. मासिकात वाचकाच्या संसाराचे, धंद्याचे, रूढींचे विषय येऊ लागले. हळूहळू ‘खबर’ हा शब्द गळून पडला आणि नुसते ‘किर्लोस्कर’ राहिले. १९३० साली बायकांसाठी ‘स्त्री’ निघाले, १९३४ साली ‘मनोहर’ निघाले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मधूनच लोकांपुढे आले. असे लेख वाचून चिडणारे वाचकही असतच. म्हणजे पाहा, मालाच्या जाहिरातीसाठी काढलेले मासिक मालाविषयी बोलणे कमी करीत गेले, आणि तसतसे कारखान्याचे नाव घरोघर पोचले. दुसरा धडा यातच आहे : जो सदा स्वतःविषयीच बोलतो त्याचे कोणी ऐकत नाही. हा सारा प्रवास शंवाकींनी ‘शंवाकीय’ या आत्मचरित्रात सांगितला आहे. शिक्षकांनी तो मुद्दाम वाचावा.

आता नाण्याची दुसरी बाजू. अमेरिकेत आयव्ही ली नावाचे गृहस्थ या व्यवसायाच्या आद्य पुरुषांपैकी एक मानले जातात. १९०६ साली कोळसा खाणमालकांसाठी काम करताना त्यांनी जाहीर केले की, आमचे काम उघड्यावर चालेल आणि आम्ही देऊ ती माहिती अचूक असेल. तत्त्व उत्तम होते. पण १९१४ साली कोलोरॅडो प्रांतात लडलो येथे संपावरील खाणकामगारांच्या तंबूंवर गोळीबार झाला, तंबू पेटले, आणि एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या दोन स्त्रिया व अकरा मुले मरण पावली. कंपनी रॉकफेलर घराण्याच्या ताब्यातली, खाणी आणि पोलाद दोन्ही असलेली. तिने लीसाहेबांना बोलाविले. त्यांनी जी पत्रके काढली त्यांत संपाच्या पुढाऱ्यांचे पगार भलतेच फुगवून छापले गेले. चौकशी आयोगाने विचारले तेव्हा निष्पन्न झाले ते हेच, की कंपनीने दिलेली माहिती त्यांनी स्वतः पडताळून पाहिली नव्हती.

उमेदवारी करणाऱ्या प्रत्येक मुलाला हा प्रसंग सांगावा असा आहे. साहेबाने कागद दिला, मी नीटनेटका करून पुढे पाठविला, असे म्हणून सुटका होत नाही. ज्याने लिहिले त्याचीही ती जबाबदारी. हा तिसरा धडा.

चौथा धडा आपल्याच देशातला, आणि फार महाग पडलेला. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील धोक्याविषयी राजकुमार केसवानी या पत्रकाराने १९८२ पासून लिहावयास सुरुवात केली होती. चावडीवरून हाक आली होती. कारखान्याने ती ऐकली नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे गेली. तोंडावर ओले फडके धरावे, वाऱ्याच्या दिशेने न धावता त्याला आडवे जावे, एवढी साधी गोष्टही शेजारच्या वस्त्यांना आधी कोणी शिकविलेली नव्हती. पत्रके, समारंभ, सुंदर फाटक यांतले काहीही त्या रात्री कामाला आले नाही.

त्यानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया चालविणाऱ्या कारखान्याने त्या धोक्याची आणि उपायांची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या जनतेलाही दिलीच पाहिजे, असे कलम त्यात आले. २०२० च्या नव्या कामगार संहितेतही हे बंधन कायम ठेवले आहे. म्हणजे कारखान्याने शेजाऱ्यांशी बोलणे ही मेहेरबानी राहिली नाही. तो शेजाऱ्यांचा हक्क झाला.

शिक्षकबंधू-भगिनींनो, आता जवळपास प्रत्येक तालुक्याला औद्योगिक वसाहत आहे किंवा होऊ घातली आहे. तुम्ही मुलांना कारखाना दाखवावयास नेता. यंत्रे दाखवा, उत्पादन दाखवा. पण जाण्यापूर्वी वर्गात पाच प्रश्न लिहून घ्या. येथे काय तयार होते? त्यासाठी कोणते पदार्थ साठवितात? सांडपाणी कोठे जाते? भोंगा अवेळी वाजला तर आम्ही काय करावे? आणि आमची तक्रार असेल तर कोणाला भेटावे? हे प्रश्न मुलांनी अदबीने, पण मोठ्याने विचारावेत आणि उत्तरे तेथेच वहीत उतरून घ्यावीत.

फाटकावर तुमचे स्वागत करणारा तरुण कदाचित असाच उमेदवार असेल. पाचव्या प्रश्नाचे उत्तर त्याला ठाऊक नसेल, तर तो आत जाऊन विचारून येवो. त्याची उमेदवारी त्या दिवशी खरी सुरू झाली असे समजावे.