जलसा आणि घरातला वाद

१९७० च्या दशकात गिब्सन केन्टे यांच्या संगीत नाटकांनी दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्या गाजवल्या. 'टू लेट'मध्ये पासच्या कायद्यापायी एका कुटुंबाची वाताहत होते. १९७६ साली केन्टे यांनाही अटक झाली.

हे येथे हर्नडनला वाचताना भीमराव कर्डकांचा जलसा डोळ्यांसमोर आला. नाशिककडील या शाहिराने १९३० च्या दशकात तमाशातील गण-गौळण बाजूला सारून बाबासाहेबांचा विचार वस्तीवस्तीत नेला. मेलेली ढोरे ओढू नका, मुलांना शाळेत घाला, हे सांगणे सोपे नव्हते. बलुते सोडले तर चूल कशी पेटणार, हा प्रश्न ऐकणाऱ्या प्रत्येक घरातला होता. केन्टे यांच्यापुढे राज्यसत्ता होती. जलसाकारांपुढे गाव होते, आणि गावाचा बहिष्कार पडला की पाणी, दळण, मजुरी सारेच अडे. आपल्या मुलांना भीमगीते पाठ आहेत, पण त्यांमागचा हा घरातला वाद आपण त्यांना क्वचितच सांगतो.